जुन्या वाद्यावर मोझेक: तुकडे निखळू नयेत म्हणून कामाचा क्रम

जुन्या गिटारवर फुटक्या बशांचे तुकडे चिकटवले, महिनाभर छान दिसले, मग एके सकाळी टेबलाखाली दोन तुकडे सापडले आणि आठवड्याने आणखी पाच. ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की आता गोंद कोणता वापरला हे आधी विचारतच नाही. तारा कधी उतरवल्या, पॉलिश घासलं का, ग्राउट (तुकड्यांमधल्या फटींत भरायचा सिमेंटी लगदा) किती तासांनी भरलं, हे तीन प्रश्न विचारतो. चूक बहुतेक वेळा या तिघांतच असते.

वाद्य हे थरथरण्यासाठी बनवलेलं असतं. साध्या गिटारची समोरची फळी जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाड असते आणि ती हलावी म्हणूनच इतकी पातळ ठेवलेली असते. मोझेकला नेमकं उलटं हवं असतं: खाली जराही न लवणारा पाया. म्हणून या कामाचा निम्मा वेळ तुकडे हातात घेण्याआधीच जातो, आणि तो जायलाच हवा.

1. वाद्य निवडा

स्वस्त, प्लायवूडचं, वाजण्याच्या पलीकडे गेलेलं गिटार या कामाला सर्वांत उत्तम. प्लायवूडमध्ये लाकडाचे थर आडवे-उभे चिकटवलेले असल्यामुळे दमट आणि कोरड्या हवेत ते कमी फुगतं-आकसतं. अखंड लाकडाची फळी ऋतूनुसार हलत राहते आणि वरचे तुकडे तेवढे हलू शकत नाहीत. फरक ओळखायला ध्वनीछिद्राची कड बघा. कडेला थर दिसले तर प्लायवूड. वरच्या पृष्ठभागावरच्या रेषा कडेतून सरळ खाली उतरलेल्या दिसल्या तर अखंड लाकूड.

व्हायोलिन आणि त्याच्या कुळातली वाद्यं सहसा सरसाने जोडलेली असतात. सरस पाण्याने आणि उष्णतेने सुटतो, कारण पुढे कधीतरी दुरुस्तीसाठी वाद्य उघडता यावं हाच त्यामागचा हेतू असतो. माझं पहिलं व्हायोलिन ग्राउट पुसता पुसता कडेने उघडलं होतं. अशा वाद्यावर मोझेक करायचंच असेल तर ओलं सिमेंटी ग्राउट टाळा, तुकडे एकमेकांना भिडवून बसवा आणि फटी रिकाम्या ठेवा.

ढोल-ड्रमच्या कातड्यावर किंवा प्लास्टिकच्या पडद्यावर काही चिकटवू नका, तो ताणाने हलतोच. लाकडी खोडावर काम करा. सतार-तंबोऱ्याचा भोपळा दोन्ही दिशांनी वळलेला आणि ठिसूळ असतो. पहिलंच काम करणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

सावध: आत कारागिराच्या नावाची चिठ्ठी असेल, हाताने कोरलेलं वाटत असेल, तर आधी वाद्यं दुरुस्त करणाऱ्याला दाखवा. गोंद लावल्यावर वाद्य परत मिळत नाही. जुन्या पियानोच्या पट्ट्या हस्तिदंती असू शकतात. आफ्रिकन हत्तींच्या दातांचा आंतरराष्ट्रीय व्यापार ‘साइट्स’ या वन्यजीव-व्यापाराच्या कराराखाली जानेवारी 1990 पासून, मोजके अपवाद सोडता, बंद आहे. अशा पट्ट्या वापरून केलेली वस्तू विकण्याचा विचार असेल तर आपल्याकडचा कायदा आधी बघा.

2. ताण उतरवा, सुटे भाग काढा

सुरात लावलेल्या पोलादी तारांच्या सहा तारी गिटारवर सगळ्या तारांची मिळून साधारण 70 किलोंची ओढ असते. ती ओढ तशीच ठेवून तुकडे चिकटवले आणि नंतर तारा काढल्या, तर फळी हलकेच मागे बसते आणि घोडीच्या (फळीवरच्या, तारा जिथे अडकवतात त्या पट्टीच्या) आजूबाजूचे तुकडे उखडतात. म्हणून तारा सर्वांत आधी.

ताणलेली तार पक्कडीने कापू नका, ती चेहऱ्यावर उडते. एकेक तार पूर्ण सोडण्याऐवजी सगळ्या तारा थोड्या थोड्या, आळीपाळीने ढिल्या करा आणि मगच काढा. मग खुंट्या, खिळे, पट्ट्याची बटणं, झाकणं, जे स्क्रूवर आहे ते सगळं उतरवा. स्क्रू कुठले कुठे होते याचा फोटो काढून ठेवा. रिकाम्या स्क्रूच्या भोकांत टूथपिक खोचा, नाहीतर ग्राउट आत जाऊन बसेल आणि शेवटी स्क्रू शिरणार नाही. गोंदाने बसवलेली घोडी मात्र ओढून काढू नका, फळीचा पापुद्रा तिच्यासोबत येतो.

काढलेल्या तारा, खुंट्या, चाव्या टाकू नका. पुढे यांच्याइतकं चपखल साहित्य मिळत नाही.

आता वाद्य दोन आठवडे तसंच ठेवा, आणि जिथे शेवटी टांगायचं आहे त्याच खोलीत ठेवा. लाकडाला त्या हवेची सवय होते आणि ताण गेल्यावर जी काय हालचाल व्हायची ती होऊन जाते.

3. डागडुजी, आधार आणि टांगण्याची सोय

फळीवर बोटांनी टकटक करत फिरा. कुठे खरखर किंवा सैल आवाज आला तर आतली आधारपट्टी सुटलेली असते. ध्वनीछिद्रातून हात घालून तिथे गोंद भरा आणि रात्रभर दाबून ठेवा. भेगांत लाकडाची लांबी (पुटी) भरा.

मग अंगठ्याने फळीचा मधला भाग दाबा. लवतो? तर त्याला टेकू हवा. बोटभर जाडीची लाकडी दांडी मापाने कापून समोरच्या आणि मागच्या फळीच्या मधोमध, घोडीच्या खाली, गोंद लावून उभी करा. ती अगदी अलगद अडकेल इतकीच लांब हवी. ठोकून बसवली तर तीच फळी वर ढकलेल.

वजनाचा हिशेबही इथेच करा. बशीचा 4 मिलिमीटर जाडीचा तुकडा धरला तर चौरस मीटरला 9 ते 10 किलो होतात. गिटारची फक्त समोरची बाजू भरली तर सव्वा किलोच्या आसपास भर पडते. मागची बाजू आणि कडाही भरल्या तर चार किलो. मूळ गिटार असतं दोन किलोंचं. हे ओझं नुसत्या मानेवर टांगलं तर मानेचा सांधा आज ना उद्या बोलेल.

म्हणून टांगण्याचे हुक आत्ताच बसवा. मानेच्या बुंध्याशी आणि खालच्या टोकाशी आत भरीव लाकडाचे ठोकळे असतात, मागच्या बाजूने तिथेच भोकं पाडा. मोझेक झाल्यावर ड्रिल चालवलं तर त्याच्या हादऱ्याने केलेलं काम तडकतं. ही पायरी जवळजवळ सगळे विसरतात आणि शेवटी सुंदर गिटार भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवतात.

तपासा: वाद्य हलवल्यावर आत काही खुळखुळत नाही ना? तुकडे आत पडू नयेत म्हणून ध्वनीछिद्रात कागदाचा बोळा घालून वरून मास्किंग टेप लावा.

4. चमक मोडा, पॉलिश काढू नका

इथे दोन टोकाच्या चुका होतात. काहीजण थेट गुळगुळीत पॉलिशवर गोंद लावतात आणि तुकडा नखाने निघतो. काहीजण उत्साहात कोरं लाकूड दिसेपर्यंत घासतात आणि मग ग्राउटचं पाणी लाकूड पितं. जुनं पॉलिश हेच लाकडाचं पाण्यापासूनचं कवच आहे, ते राहू द्या. 100 ते 120 नंबरच्या पॉलिशपेपरने फक्त वरची चमक घालवा. वाद्य उजेडात तिरकं धरून बघा. कुठेही चकाकणारा ठिपका दिसता कामा नये.

सावध: खूप जुन्या रंगात शिसं असू शकतं. कोरडं घासू नका, पाण्याने किंचित ओलसर केलेल्या पॉलिशपेपरने घासा, एन-95 मास्क लावा, आणि ती धूळ झाडूने न उडवता ओल्या फडक्याने टिपून घ्या.

जिथे लाकूड उघडं पडलं आहे, म्हणजे ओरखडे, ध्वनीछिद्राची कड, भोकं, तिथे पारदर्शक व्हार्निशचे दोन पातळ हात द्या. वाळल्यावर त्याचीही चमक मोडा. रंगीत पारदर्शक काच वापरणार असाल तर पाया आधी पांढरा रंगवा, नाहीतर तपकिरी लाकडावर निळी काच काळी दिसते.

मग धूळ पूर्ण पुसून एका कोपऱ्यात एकच तुकडा चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी तो उचकटून पाहा. तुकड्यासोबत पॉलिशचा पापुद्रा आला तर ते पॉलिश मुळातच सुटत चाललं आहे. त्या वाद्याचं मात्र सगळं पॉलिश खरवडून नव्याने व्हार्निश करावं लागेल. हा एक दिवस वाचवू नका.

5. साहित्य: काय चालतं, काय दगा देतं

फुटक्या बशा, कप आणि उरलेल्या टाइल्स सर्वांत भरवशाच्या. बशीच्या तळाचं उंच कडं वापरू नका, ते सपाट बसत नाही. कपाचे तुकडे मात्र कडांसाठी राखून ठेवा. गिटारची कमर आत वळलेली आणि पोट बाहेर फुगलेलं असतं. कपाची बाहेरची बाजू दर्शनी ठेवली तर तुकडा फुगीर बसतो, आतली बाजू दर्शनी ठेवली तर खोलगट. हे ध्यानात आल्यापासून मी कप वेगळे आणि बशा वेगळ्या डब्यांत ठेवतो.

आरशाच्या मागचा चांदीसारखा थर नाजूक असतो. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तो खातं आणि काळे डाग पडतात. तटस्थ जातीचं सिलिकॉन घ्या आणि कापलेल्या कडांना पारदर्शक नेलपॉलिश लावा.

सीडी दिसायला झकास, पण तिच्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. तिची जाडी 1.2 मिलिमीटर. चकाकणारा थर छापील बाजूच्या अगदी लगत असतो आणि गोंद नेमका त्याच बाजूला लागतो. म्हणजे तुमचा तुकडा खरं तर त्या पातळ थराच्या जिवावर लटकलेला असतो. तुकड्याच्या छापील बाजूला चिकटपट्टी दाबून ओढून बघा. थर निघाला तर ती सीडी बाद. डीव्हीडीत हा थर दोन प्लास्टिक चकत्यांच्या मधे असतो, त्यामुळे कापताना ती सँडविचसारखी दुभंगते. सीडी कापण्याआधी दोन मिनिटं गरम पाण्यात ठेवा, कात्री सहज चालते आणि भेगा कमी पडतात. अ‍ॅसिटोन असलेला गोंद लावू नका, प्लास्टिक धुरकट होतं.

बाटलीची लोखंडी झाकणं ग्राउटच्या ओलाव्याने गंजतात. वापरायचीच तर दोन्ही बाजूंनी व्हार्निश करा. लाकडी मणी, शिंपले, झिलई नसलेली माती यांच्यात ग्राउटचा रंग मुरतो. त्यांनाही आधी व्हार्निशचा हात द्या. बटणं, चाव्या, घड्याळाची चाकं बिनधास्त वापरा.

कापताना गॉगल घालाच. चाकांच्या निपरच्या (दोन छोट्या धारदार चाकांमध्ये तुकडा कापणाऱ्या पकडीच्या) तोंडात तुकड्याची फक्त कड धरा, पूर्ण तुकडा आत घातला की चुरा होतो. चिनीमातीच्या धुळीत सिलिका असते, म्हणून मास्क इथेही लावा आणि अधूनमधून तुकड्यावर पाणी शिंपडा. फडक्यात गुंडाळून हातोडीने फोडणं सोपं वाटतं, पण अर्धा माल कामाचा राहत नाही.

मापाचा ढोबळ नियम असा: सपाट फळीवर दोन-अडीच सेंटिमीटरपर्यंत, कडांच्या वळणावर एक सेंटिमीटर, ट्रम्पेटच्या नळीसारख्या बारीक गोलाईवर अर्ध्याहून लहान. मोठा तुकडा वळणावर फक्त मधे टेकतो आणि त्याच्या टोकांखाली पोकळी राहते.

6. आधी कागदावर

वाद्य कागदावर ठेवून बाह्यरेषा काढा आणि सगळे तुकडे कागदावर मांडून बघा. कडेच्या ओळीपासून सुरुवात करा, मग मुख्य आकृती, पार्श्वभूमी सगळ्यांत शेवटी. उलटं केलं तर कडेला काडीएवढे तुकडे उरतात आणि तेच आधी निखळतात. तुकड्यांमध्ये दीड ते तीन मिलिमीटर फट ठेवा.

जाडी सारखी ठेवा. पाच मिलिमीटरच्या टाइलशेजारी सीडी ठेवली तर ती खड्ड्यात जाते आणि ग्राउट तिला गिळतं. सीडीचा भाग वेगळा आखा. मान आणि पडद्यांची पट्टी शक्यतो मोकळीच सोडा: वजन वाचतं आणि वस्तू गिटार म्हणून ओळखू येते. माझ्या मते पूर्ण झाकलेल्या वाद्यापेक्षा असं वाद्य जास्त चांगलं दिसतं, पण ही आवड झाली.

7. चिकटवणं

पांढरा सुतारी गोंद पाणी उडून वाळतो. दोन पृष्ठभागांपैकी एकाने तरी पाणी प्यायला हवं. पॉलिश केलेलं लाकूड पीत नाही, काच पीत नाही, बशीची मागची बाजूही झिलईमुळे पीत नाही. मग मधला गोंद आठवडाभर ओला राहतो आणि वरून सगळं ठीक दिसतं. शंका असेल तर पृष्ठभागावर पाण्याचा थेंब टाका, पाच मिनिटांनी तो तसाच असेल तर तिथे सुतारी गोंद नको.

वाद्यांसाठी मी सरसकट एमएस पॉलिमर जातीचा, म्हणजे हवेतल्या ओलाव्याने घट्ट होणारा, गोंद वापरतो. तो वाळल्यावरही किंचित लवचीक राहतो आणि लाकडाची बारीकसारीक हालचाल सोसतो. झटपट चिकटणारा सायनोअ‍ॅक्रिलेट गोंद ठिसूळ असतो. मणी जागेवर धरून ठेवण्यापलीकडे त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

एका वेळी एकच बाजू करा, आणि ती बाजू वर, आडवी असू द्या. कडा करताना वाद्य उशांमध्ये कुशीवर ठेवा. गोंद तुकड्याच्या मागे लावा, तळहाताएवढ्या भागावर आधीच फासून ठेवू नका, त्याच्यावर साय धरते. तुकडा दाबल्यावर गोंद कडेपर्यंत पोचावा पण फटीतून वर येऊ नये. आला तर टूथपिकने लगेच काढा, कारण जिथे गोंद भरला तिथे ग्राउट बसणार नाही.

कोपऱ्यावर समोरचा तुकडा बाहेर डोकावू देऊ नका, दोन-तीन मिलिमीटर आतच थांबा. पुढे आलेली कड उचलताना हात कापते आणि पहिला धक्का तिलाच बसतो.

8. थांबा

शेवटचा तुकडा लावल्यावर किमान 24 तास, काच आणि सीडी असेल तर 48. गोंद कच्चा असताना ग्राउट भरणं ही दुसऱ्या क्रमांकाची चूक. पाणी आत शिरतं, गोंद दुधाळ होतो आणि स्पंज फिरवताना तुकडे सरकतात.

तपासा: प्रत्येक तुकडा नखाने बाजूला ढकलून बघा. हो, प्रत्येक. सैल तुकडा आत्ता मिळाला तर पाच मिनिटांचं काम आहे, ग्राउटनंतर अर्ध्या दिवसाचं.

9. ग्राउट

तीन मिलिमीटरपेक्षा कमी फटींना वाळू नसलेलं ग्राउट. वाळूचं ग्राउट आरशावर आणि सीडीवर ओरखडे पाडतं. रंगात मधला राखाडी सहसा चुकत नाही; पांढऱ्या ग्राउटने तुकड्यांऐवजी फटीच नजरेत भरतात.

मोकळी मान, घोडी, फळीची उघडी कड, सगळ्यावर मास्किंग टेप लावा. हातमोजे घाला, सिमेंट कातडी जाळतं. एका फळीला साधारण 300 ग्रॅम पावडर पुरते. पावडरीत पाणी थोडं थोडं घाला, टूथपेस्टइतकं घट्ट झालं की थांबा, दहा मिनिटं तसंच ठेवा आणि पुन्हा ढवळा. पाणी जास्त झालं तर ग्राउट वाळताना आकसून तडकतं आणि लाकडाला नको तितका ओलावा मिळतो. लवचीकपणासाठी पाण्याऐवजी ग्राउटचं लॅटेक्स मिश्रण वापरता आलं तर वाद्यासाठी ते बरंच.

मोजा घातलेल्या हाताने फटींत तिरकं दाबत भरा. कोपऱ्यावर बोटाने उतार द्या. 15 ते 20 मिनिटांनी स्पंज बुडवून, गच्च पिळून, पुसायला घ्या. स्पंजातून एकही थेंब टपकता कामा नये. टाइलची भिंत पुसावी तसं सढळ पाणी इथे चालत नाही. गिटारच्या कडा बहुतेकदा याच टप्प्यावर फुगतात. दोन-तीन तासांनी राहिलेली पांढरट पूड कोरड्या फडक्याने काढा. टेप ग्राउट पूर्ण कडक व्हायच्या आत, हळू आणि तिरकी ओढा.

बादलीतलं पाणी मोरीत ओतू नका. रात्रभर ठेवा, सिमेंट तळाशी बसतं. वरचं पाणी ओता आणि गाळ कचऱ्यात टाका.

ग्राउट वाळायला तीन दिवस द्या, पंखा किंवा ऊन न दाखवता.

धातूचं वाद्य असेल तर

पितळ तापल्यावर चिनीमातीच्या जवळपास तिप्पट प्रसरण पावतं. म्हणून ट्रम्पेट-सॅक्सोफोनवर कडक गोंद आणि मोठे तुकडे दोन्ही टाळा. वरचा लॅकरचा थर घासून खरबरीत करा, तेल आणि बोटांचे डाग स्पिरिटने पुसा, लवचीक गोंद वापरा. हलणाऱ्या चाव्यांच्या सांध्यांवर काही चिकटवू नका.

10. जोडणी आणि टांगणं

टूथपिक काढा, खुंट्या परत बसवा. तारा लावायच्या असतील तर शोभेपुरत्या, लोंबणार नाहीत एवढ्याच ताणा. हौसेने सुरात लावलेलं मोझेक गिटार मी पाहिलं आहे: दुसऱ्या दिवशी घोडीपासून ध्वनीछिद्रापर्यंत ग्राउटला सरळ भेग गेली होती.

न्हाणीघराशेजारची भिंत, थेट उन्हाची भिंत, हीटरच्या वरची जागा टाळा. वजन दोन्ही हुकांवर सारखं आलं आहे का ते बघा, आणि खालच्या टोकाखाली लहानशी लाकडी पट्टी आधाराला द्या.

महिन्याभराने नख वाजवत पुन्हा एकदा सगळ्यावरून फिरा. एखादा तुकडा वेगळा, सुटल्यासारखा वाजला तर तो पडायची वाट बघू नका. भोवतीचं ग्राउट टोकदार सळईने खरवडा, तुकडा उचला, खालचा गोंद पूर्ण काढा, तिथली चमक पुन्हा मोडा आणि नव्याने चिकटवा. जुन्या गोंदावर नवा गोंद लावलात तर पुढच्या महिन्यात तोच तुकडा पुन्हा हातात येईल.